सारवणातल्या रेघा

सांगलीत आमच्या शेजारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर राहायचे. आईनं अंगण शेणानं सारवलं, की ते वाळेपर्यंत हे भिंतीला चिकटून कडेकडेनं चालायचे. तिच्या बोटांच्या रेघा मोडलेल्या त्यांना खपत नसत. उकिडवे बसून मला सांगायचे, "आवाजाची लाट दगडाच्या नुसत्या पाठीवरूनही पळते बघ. पाठीवर सारख्या अंतरानं खाचा पाडल्या आणि ते अंतर लाटेला जुळलं, तर एकेक खाच तिला थोडी थोडी मागं लोटते. शेवटी ती परत फिरते."

कॉलेजात ते स्फटिकाच्या चकतीवर हिऱ्याच्या टोकानं तशाच खाचा पाडत होते. हात जरा हलला की चकती वाया. वर्षभर वायाच जात होत्या. "लाट सरळ निघून जाते," एवढंच म्हणायचे. कुरकुर नाही.

एका संध्याकाळी ते आले, पँट दुमडली आणि आईच्या शेणाच्या बादलीत हात घालून थेट सारवायलाच बसले. आईनं तोंडाला पदर लावला. "आवं सर, हात लय हालतोय तुमचा! रेघा बघा कशा नागमोडी गेल्या."

"जाऊ द्या हो मावशी," कोपरापर्यंत माखलेले सर हसले. "आज कॉलेजात नाही हलला."