मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा रविवार. रक्कम अठरा हजार चारशे रुपये, रोख. हजर: दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची साठेक माणसं, मंडळीचे खजिनदार, हिशेब तपासणारा मी, आणि हॉलमागच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला बोलावलेली एक बाई. पुढे जे घडलं त्याच्याशी या बाईचा काडीचाही संबंध नव्हता आणि सगळं तिच्यावरच आलं. म्हणून हे लिहून ठेवतो.

त्या दिवशी आमचा कापणीचा सण होता. आमच्यापैकी कोणाचंही शेत उरलेलं नाही. बहुतेक जण केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत आले आणि इथलेच झाले. तरी दरवर्षी आम्ही सोसायटीचा हॉल भाड्याने घेतो, बाजारातून आणलेले भोपळे, कोबी, ऊस आणि घरचे केक टेबलावर मांडतो आणि उपासना झाली की त्यांचा लिलाव करतो. ऐंशी रुपयांचा भोपळा आमच्याकडे हजाराला जातो. घेणारा तो तिथेच परत देतो आणि पुन्हा बोली सुरू होते. ‘काय साहेब, एरियर्स जमा झाले वाटतं,’ असं कोणीतरी कोणालातरी ऐकवतं आणि बोली आणखी चढते. त्या दिवशी एकच भोपळा तीनदा विकला गेला. शेवटी नोएडाच्या एका गृहस्थांनी तो टोपलीसकट गाडीत घातला आणि घरी नेला. लिलावाचा पैसा गरीब निधीत जातो.

जेवणं उरकल्यावर खजिनदारांच्या लक्षात आलं की पैशांचं पाकीट जवळ नाही. ते सत्तरीचे, निवृत्त अधिकारी, आमच्याच सोसायटीत राहतात. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना पक्कं आठवत होतं की पाकीट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं होतं. ओट्याजवळ कोण होतं? ती बाई. एवढ्यावर निकाल लागला. तिची पिशवी सगळ्यांसमोर उपडी केली गेली. त्यातून एक डबा, एक शाल आणि मुलीचं औषध निघालं. तरीही कोणाचं समाधान झालं नाही. ‘पुढे सरकवले असतील कोणाकडे,’ असं एक भगिनी म्हणाल्या. तासाभरापूर्वी त्यांनीच सुरेख प्रार्थना केली होती. दिवसभराच्या कामाचे ठरलेले पाचशे रुपयेही तिला न देता तिला घालवून दिलं. तिला घेताना कोणी पाहिलं का, असं मी तीनदा विचारलं. कोणीच पाहिलं नव्हतं.

ती आमच्या घरी काम करायची. सोमवारी आली नाही. मी गेटवर गेलो तर ती बाहेर उभी होती आणि गार्ड मोबाइल दाखवत होता. आमच्याकडे गेटवरची ये-जा ॲपवर चालते. कामवाल्यांचे फोटो त्यात असतात आणि नावापुढे हिरवी किंवा लाल खूण असते. तिची खूण काकांच्या तक्रारीवरून लाल झाली होती. शिवाय तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला होता. खाली लिहिलं होतं, हिला कामाला ठेवू नये. आमच्याखेरीज ती आणखी तीन घरी काम करायची, त्या तिन्ही घरांचे मिळून महिना नऊ हजार. आठवडाभरात तिन्ही घरांनी दुसऱ्या बाया लावल्या. आमच्याकडचा तिचा महिन्याचा पगार माझी बायको गेटबाहेर जाऊन देऊन आली. पण त्या बाईला पगारापेक्षा दुसरीच काळजी होती. शेजारच्या दोन सोसायट्यांतही तो फोटो पोचला होता. चोर म्हणून नाव झालेल्या बाईला द्वारकेत काम मिळत नाही.

मी दोनदा काकांच्या घरी गेलो. खूण काढा, पुरावा नाही, म्हटलं. ते म्हणाले, पाकीट मिळू दे, मग बघू. मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथे उत्तर मिळालं की ज्याची तक्रार, त्यानेच ती मागे घ्यायची.

महिना व्हायला आला तेव्हा नोएडाच्या त्या गृहस्थांच्या घरी भोपळा चिरायला घेतला. टोपलीत खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत पाकीट होतं, एक नोट कमी नाही. सगळ्यांच्या फोटोसाठी हाक आली तेव्हा काकांनीच ते सुरक्षित म्हणून भोपळ्याखाली सरकवलं होतं, हे त्यांना आता आठवलं.

त्या संध्याकाळी मंडळीच्या ग्रुपवर संदेश आला: प्रभूच्या कृपेने पाकीट सापडलं, हालेलुया. खाली चाळीसभर जोडलेले हात. तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मी तो संदेश दोनदा वाचला. माझा संताप मावत नव्हता. कृपेचं श्रेय प्रभूला दिलं, पण चूक कोणाची हे लिहायला कोणाचा अंगठा वळला नाही.

मंडळीच्या समितीत काका आणि मी धरून आम्ही चौघे. बैठकीला पाळकसाहेबही होते. काका मोकळ्या मनाने म्हणाले, “गरीब निधीतून दोन हजार देऊन टाकू तिला. नाताळ आलाय, एक ब्लँकेटही देऊ. खूश होईल.”

“काका, गरीब निधी दानासाठी आहे,” मी म्हणालो. “हे दान नाही, देणं आहे.”

“तू ऑडिटवाला,” ते हसत म्हणाले. “देवाच्या वहीवरसुद्धा शेरा मारशील.”

शेरा देवाच्या वहीवर नव्हता, आमच्या होता. मी पाळकांकडे वळलो. ज्याचं नुकसान केलं त्याला मूळ भरून द्यायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि अर्पण वेदीजवळ आणायचं ते त्याच्यानंतर, हे शास्त्रात आहे की नाही, एवढंच विचारलं. आहे, ते म्हणाले. क्षमेबद्दलही आहे, असं एकाने सुचवलं. मी म्हटलं, क्षमा तिने करायची असते. आपण तर परस्पर स्वतःला करून मोकळे झालोय.

दुसऱ्या दिवशी लाल खूण निघाली. काकांनी तिला घरी बोलावलं. मीही गेलो. त्यांनी खरंच हात जोडले आणि माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. चहाला हात लावला नाही. मग म्हणाली, “बाबूजी, चोर बोला तब तो पूरी सोसायटी को बताया था. माफी बंद कमरे में क्यों?”

  मला फक्त रकमेचं सुचलं होतं.

पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये, उपासनेनंतर, काकांनी कागदावरून हिंदीत वाचलं: पाकीट मी ठेवलं, मी विसरलो, या बाईने काही घेतलं नाही, आम्ही तिच्यावर खोटा आरोप केला. ती पहिल्या रांगेत मुलीला घेऊन बसली होती. झडती घेणाऱ्यांपैकी काही जण त्या दिवशी आले नाहीत. तोच मजकूर तिच्या फोटोसह सोसायटीच्या ग्रुपवर गेला. शेजारच्या सोसायट्यांना मी स्वतः पाठवला. तीनपैकी एका घराने तिला परत बोलावलं. दोघांनी आता दुसरी लागलीय म्हणून नाही सांगितलं. त्याची भरपाई कुठल्याही कलमात बसत नाही.

दिलेली रक्कम: बुडालेल्या एका महिन्याचे नऊ हजार, सणाच्या दिवसाच्या मजुरीचे पाचशे, आणि दोन्ही मिळून होणाऱ्या रकमेचा पाचवा हिस्सा एकोणीसशे. एकूण अकरा हजार चारशे रुपये, समितीच्या चौघांनी प्रत्येकी अठ्ठावीसशे पन्नास आपापल्या खिशातून काढलेले. गरीब निधीतून काही नाही. तिने सगळ्यांसमोर मोजून घेतले.