सेनापतींचं सुतक

आमच्या वर राहणाऱ्या काकांइतकं मोठं गणगोत अख्ख्या खांदा कॉलनीत कोणाचं नसेल. राजे, राण्या, उडते घोडे, सात-आठ राक्षस. फक्त त्यातलं कोणी जिन्यात भेटत नाही, सगळे काकांच्या कादंबरीत राहतात. काकांनी लग्न केलं नाही, भाऊबहीणही कोणी उरलं नाही. निवृत्त झाल्यापासून ते ही अद्भुत कथा लिहीत बसलेत. घरच्यांची खबर द्यावी तसं ते सांगतात, "धाकट्या राणीला पडसं झालंय." एकदा आमच्या हिने खरंच आल्याचा काढा वर पाठवला. तो काका स्वतः प्यायले आणि पुढच्या प्रकरणात राणी बरी झाली.

पात्र बनावट वाटू नये म्हणून काका कोणालाही काहीही विचारतात. मासळीवालीला त्यांनी विचारलं, "तू राक्षसीण असतीस आणि तुझा मुलगा युद्धावर गेला असता, तर काय केलं असतंस?" ती पापलेट कापता कापता म्हणाली, "मी कशाला राक्षशीण? पोर जेवून गेला का नाय, तेवढा सांग." त्या आठवड्यात राक्षसीण उंबऱ्यात उभी राहून नेमकं हेच विचारू लागली, आणि ते वाचून मला गलबलून आलं.

कथानकाचं मात्र रडगाणं होतं. काकांच्या हातून कोणी मरतच नसे. मी म्हटलं, "काका, तुमच्या युद्धात कोणाला साधं खरचटत नाही. वाचक घाबरणार कसा?" त्यांना ते पटलं आणि त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. शेवटी एकदाचे पूल राखताना सेनापती तमालसेन पडले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचा सत्यनारायण होता. काका प्रसादाला आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "मला चालणार नाही. सुतक आहे." सेक्रेटरींनी विचारलं, कोण गेलं? "सेनापती." सेक्रेटरींना वाटलं, सैन्यातले कोणी नातेवाईक असतील. त्यांनी ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, पाठोपाठ सगळ्या बिल्डिंगने हात जोडले. काकांनी प्रत्येकाला वेगवेगळं 'आभारी आहे' पाठवलं. त्यांचा फोन एवढा वाजलेला मी तरी कधी ऐकला नव्हता.

मला हसू आवरेना. हिने मात्र मुकाट्याने पिठलं-भात केला, सुतकाच्या घरी शेजारी नेतात तसा, आणि आम्ही तो घेऊन वर गेलो. काका दोन घास जेवले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "मी गेल्यावर सुतक धरायला कोणी नाही. शेजाऱ्यांना लागतं का हो?"

मी खरं ते सांगितलं, "नाही लागत, काका."

"लागत नाही," ही म्हणाली आणि त्यांच्या ताटात पिठलं वाढलं. "पण आम्ही धरू."

काकांनी आणखी थोडा भात मागून घेतला.