वाडग्यातला ससा

तळेगावच्या शाळेत मी चित्रकला शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. लोणावळ्याला राहणाऱ्या एका निवृत्त पारशी डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. तरुणपणी त्यांनी इराणात नोकरी केली होती. तिथून आणलेला एक वाडगा त्यांना मुंबईच्या एका संग्रहालयाला द्यायचा होता, आणि त्याआधी त्याची हुबेहूब चित्रं हवी होती.

वाडगा सात-आठशे वर्षांपूर्वीचा, कुणा मुसलमान कुंभाराच्या हातचा. लाल मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ थर, तो जागोजागी खरवडून काढलेला, आणि वरून हिरवी काचेसारखी झिलई. न खरवडता जो भाग राहिला त्यातून वेलबुट्टी आणि मधोमध मागे वळून पाहणारा ससा उमटला होता.

"हिनं तिथल्या बाजारात सशाचा हा चेहरा पाहिला आणि दुकानातून हलेनाच," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या पत्नी वारून तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी सहा रविवार जाऊन व्हरांड्यात बसून चित्र काढलं. सातव्या रविवारी जवळच्या भाजे गावची कुंभारीण माठ घेऊन आली. माठ ठेवून ती माझ्याजवळ टेकली आणि विचारून तिनं वाडगा हातात घेतला. आतून अंगठा फिरवता फिरवता सशाच्या तोंडापाशी थांबली. नखानं टिचकी मारली. आवाज बद्द आला.

"मास्तर, ही माती न्हाई. चुना हाय हितं. वरनं रंग दिलाय."

मी भिंग लावून पाहिलं. बाकी सगळीकडे रेघेला खोली होती. चेहऱ्याची रेघ मात्र नुसती कुंचल्याची होती. सहा आठवड्यांत मला ते दिसलं नव्हतं. उलट चेहरा काढणं सोपं गेलं म्हणून मी खूश होतो.

डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नक्की का, मावशी?"

"व्हय. फुटलेलं कुणीतरी बुजवलंय. हात चांगला हाय त्याचा."

ती गेल्यावर डॉक्टरांनी वाडगा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, आज फक्त चेहरा काढा. वेगळ्या कागदावर, मोठा."

मी काढला. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा टेबलावर स्पिरिट, कोमट पाणी आणि कापूस मांडलेला होता. जखम धुवावी तसा त्यांनी तो भाग धुतला. रंग गेला, मग चुना भिजून सुटत गेला. तासाभरात सशाच्या मानेपुढे अंगठा जाईल एवढं भोक उरलं.

"आता असाच काढा," ते म्हणाले.

"चेहरा राहू दिला असता तरी चाललं असतं. तिकडे कुणाच्या लक्षात आलं नसतं."

"संग्रहालयवाले तो आमचा म्हणून ठेवणार नाहीत, त्या कुंभाराचा म्हणून ठेवणार," ते म्हणाले आणि हात पुसायला आत गेले.

वाडगा दिवाळीआधी मुंबईला गेला. चेहऱ्याचा कागद त्यांनी स्वतःकडे ठेवला. पुढे दोनदा त्यांच्याकडे चहाला गेलो, पण तो कुठे लावलेला दिसला नाही, आणि मीही विचारलं नाही.