एकतिसावा प्रश्न

माझ्या आईला माझ्या घरात एकटं वाटत होतं का, एवढं एकच मला आता कळायला हवंय. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. माणसांचे स्वभाव कसे मोजावेत, यावर मी तासन्‌तास बोलू शकते. तोंडानं फटकळ आहे, पोरं मला टरकून असतात. आणि घरातल्या एका म्हातारीचं मन मला कळलं नाही.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, अगदी सीमेवर. तिथं बायका बाजार मराठीत करतात आणि भांडतात कानडीत. वडील गेल्यावर अव्वाला मी सोलापूरला माझ्या फ्लॅटवर आणलं. आणलं म्हणजे आणलंच, विचारलं नाही. थोरली बहीण, अक्का, गावातच दिलेली. ती म्हणाली, "माज्याकडं ऱ्हाऊ दे की. तिची समदी मानसं हितं हायत." मी म्हटलं, गावात दवाखान्याचा पत्ता नाही, तिचं बीपी कोण बघणार? अक्काला माझ्यापुढं कधी बोलता आलं नाही. अव्वा दोन पिशव्या आणि विभूतीचा डबा घेऊन गाडीत बसली.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. मी आणि नवरा दिवसभर कामावर, मुलगी शाळेत. घरात सगळं मराठी, कारण नवऱ्याला कानडीचं ओ की ठो कळत नाही आणि मुलीला मीच शिकवली नाही. अव्वाची मात्र सवय अशी, की काही सांगायचं असलं की आधी "केळ" म्हणायचं. कानडीत केळ म्हणजे ऐक. एकदा ती असं म्हणाली आणि मुलीनं टोपलीतलं केळं आणून तिच्या हातात दिलं. आम्ही पोट धरून हसलो, अव्वाही हसली. त्यानंतर तिनं तो शब्द आमच्यापुढं फारसा काढला नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्याच सुमारास आम्ही विभागात एका व्यक्तिमत्त्व प्रश्नावलीचं मराठी रूप तपासत होतो. प्रश्नावली म्हणजे नुसती साधी वाक्यं. 'मी हातातलं काम अर्धवट सोडत नाही.' 'मला नवीन माणसांत मिसळायला आवडतं.' प्रत्येक वाक्यापुढं पाच खाने, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. शिकलेल्या पोरांवर तपासलेली ही वाक्यं आपल्याकडच्या साठीपुढच्या बायकांना लागू पडतात का, हे आम्हाला बघायचं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचं. नियम कडक होते आणि ते मीच घातले होते. वाक्य जसंच्या तसं वाचायचं, फोड करून सांगायचं नाही, मध्ये गप्पा मारायच्या नाहीत. काही वाक्यं मुद्दाम उलटी, नाही घालून केलेली. सगळ्यालाच हो म्हणत सुटणारी माणसं त्यात सापडतात.

आमच्या यादीतली एक बाई ऐनवेळी आजारी पडली. मी अव्वाला म्हटलं, तू बसतेस का? ती केवढी खूश झाली. रविवारी सकाळी आंघोळ करून, विभूती लावून, लग्नाकार्याला नेसायचं इरकल नेसून जेवणाच्या टेबलापाशी येऊन बसली. "काय गं हे?" मी विचारलं. "मुलाखत हाय न्हवं माजी," ती म्हणाली. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वाचायला लागले.

"मी सहज मैत्री करते."

"मैत्री कुटली आता. गावात व्हतं की समदं."

"अव्वा, सहमत का असहमत?"

"तूच लिव की. तुला ठावं हाय."

मी चिडले. मी लिहायचं असतं तर तुला कशाला बसवलं असतं, असं म्हणाले. ती मग शहाण्या मुलीसारखी एका शब्दात उत्तरं द्यायला लागली. व्हय. न्हाय. चालतंय की. मलाही बरं वाटलं, काम पटपट उरकत होतं.

एकतिसावं वाक्य होतं, 'मला सहसा एकटं वाटत नाही.'

अव्वा म्हणाली, "न्हाय की."

मी 'पूर्ण सहमत'वर खूण केली.

पुढच्याच आठवड्यात अक्काचा फोन आला. अव्वा फोनवर नीट बोलत नाही, तिला दिवाळीपर्यंत तरी गावाकडं धाड, म्हणाली. मी म्हटलं, तिला इथं अजिबात एकटं वाटत नाही, मी रीतसर विचारलंय, माझ्याकडं लेखी आहे. अक्का म्हणाली, "आईला इचारायला कागद लागतो व्हय गं तुला?" मी फोन ठेवून दिला. अव्वा राहिली माझ्याकडंच.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारची गेली, घरात कुणी नसताना. दार उघडं बघून शेजारच्या वहिनी आत आल्या, तेव्हा ती जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीतच होती. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. अक्का आली, रडली, मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सगळ्या बायकांचे कागद संगणकावर चढवायला पावसाळा उजाडला. एके दिवशी दुपारी विभागातले सर माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, "मॅडम, एकतीस नंबर गडबड करतोय. ज्या बायका बाकी सगळीकडं एकाकी वाटतं म्हणतात, त्याच इथं वाटत नाही म्हणतात."

"असं कसं होईल?"

"अहो, वाक्यात आधीच नाही आहे. बाई म्हणते, न्हाय की. म्हणजे वाटत न्हाय की, का तसं न्हाय की? कुठलं न्हाय धरायचं? ज्यानं लिहून घेतलं त्याला सोयीचं वाटलं ते त्यानं धरलं. काढून टाकू वाक्य, निकालाला काही धक्का लागत नाही."

ते चहाला गेले. मी जागची हलले नाही. एकटं वाटतं का, असं सरळ विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? तिच्या भाषेत विचारलं असतं तर? माणसं पकडायला लावलेल्या सापळ्यात मीच अडकले होते, आणि माझ्या आईला त्यात वर्षभर ठेवलं होतं. मी कानाला हेडफोन लावले आणि तिचं रेकॉर्डिंग काढलं.

माझा आवाज आधी आला. केवढा कोरडा, केवढा घाईचा. 'मला सहसा एकटं वाटत नाही.' मग पंख्याची घरघर, बराच वेळ. एवढा वेळ ती थांबली होती, हे मला आठवतच नव्हतं. मग, "न्हाय की." त्यातलं न्हाय चांगलं लांबवलेलं. गावात कुणी खोटं बोललं की ते खोडून काढताना बायका असाच न्हाय ओढतात. पण तसा तर ती कुठलाही शब्द ओढायची. मी दहा वेळा ऐकलं. पाच वेळा मला एक वाटलं, पाच वेळा दुसरं.

मग पुढं ऐकत गेले. शेवटचं वाक्य झालं. मी कागद गोळा करत होते, त्याचा आवाज येत होता. आणि त्यात अव्वा हळूच म्हणाली, "इन्नू केळ."

कानडीत केळ म्हणजे ऐक, तसंच केळ म्हणजे विचार. शब्द एकच. आणखी विचार, की आणखी ऐक? मला त्या दिवशी त्यातलं एकच ऐकू आलं होतं. कारण रेकॉर्डिंगमध्ये त्यावर लगेच माझा आवाज आहे, "झाले अव्वा, प्रश्न संपले," आणि बटण बंद केल्याचा टक असा आवाज.