एकोणतीस सिपारे

नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवशी चाकणच्या आमच्या खोलीत माझ्यासकट तीस बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कुराणाचे तीस भाग, म्हणजे तीस सिपारे. एकेकीने एकेक वाचायचा आणि शेवटी दुआ मागून ते पुण्य गेलेल्याच्या नावे पोहोचवायचं. माझ्याही हातात एक सिपारा आला. मला अरबी वाचता येत नव्हतं. आईबाप बीडकडचे ऊसतोड मजूर, दर हंगामाला गाव वेगळं. मदरशात बसणार कधी? लग्न होऊन इथे आल्यावर लाजेपायी ते कुणाला सांगितलं नाही. बारा वर्षं प्रत्येक मजलिशीत, बायकांच्या अशा वाचनाच्या बैठकीत, मी ओळींवरून बोट फिरवलं, ओठ हलवले, शेजारणीने पान उलटलं की मीही उलटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवशीही तेच केलं. मजलीस चालवणाऱ्या आपा दुआत म्हणाल्या, "तीसही पूर्ण झाले." एकोणतीसच झालेत, हे फक्त मला ठाऊक होतं. महिन्याभरात काविळीने गेलेला माझा माणूस, आणि त्याच्या खत्मात, त्या पूर्ण वाचनात, खोट राहिली ती त्याच्या बायकोचीच.

खाई त्याला खवखवे. कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटताना अश्रू पिठात पडायचे. नमाजला उभी राहिले की वाटायचं, आता कोणत्या तोंडाने मागू? मजलिशीला जाणं सोडलं. आपांचे निरोप आले की डोकं दुखतंय म्हणायचे. अल्लाने आपल्याकडे पाठ फिरवली, अशी माझी खात्रीच झाली होती. जगण्यात मन उरलं नव्हतं.

शेवटी शेजारच्या शाहीनभाभींनी ओढतच मला पिंपळे गुरवला एका खत्माला नेलं. तिथेही त्याच आपा सिपारे वाटत होत्या. माझ्या शेजारी माण गावची एक अनोळखी म्हातारी होती. तिने पुढे आलेला सिपारा हाताने मागे सारला.

"मला न्हाई येत वाचाया. आमी रानात राबनारी मानसं. कुनीतरी शिकवा की मला, मरायच्या आधी!"

एकदोघी हसल्या. माझं तोंड कसं उघडलं, मला कळलं नाही. "आपा, मलाही येत नाही. ह्यांच्या चाळिसाव्यालाही आलं नव्हतं." एवढं बोलून मी सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

मग शाहीनभाभींनी आपला सिपारा हळूच खाली ठेवला. "मलापण नाही येत." माझ्या घरच्या खत्मात सगळ्यांत आधी वाचून झालं होतं ते भाभींचंच! मागून आणखी एकीने ठेवला. म्हणजे एकोणतीसही नव्हते.

आपांनी हातातले उरलेले सिपारे खाली ठेवले. म्हणाल्या, "चूक माझी. इतकी वर्षं वाटत आले, कुणाला येतं ते विचारलंच नाही."

पुढच्या जुम्यापासून दर शुक्रवारी मजलिशीचा पहिला तास अरबी अक्षरांचा झाला. ती म्हातारी दोनदा आली, मग दिसली नाही. बायका म्हणतात, तिला अल्लानेच धाडलं; यावर मी वाद घालत नाही. तिचे उपकार मात्र रोज आठवते. घर अजून खायला उठतं. माझ्या माणसापर्यंत काय पोहोचलं, मला माहीत नाही, आणि ते ठरवणारी मी कोण? आम्ही तिघी बायका मोठ्याने अलिफ, बे म्हणतो, अडखळतो, आणि दुआच्या वेळी मी हात पसरून एवढंच मागते: अल्ला, आज इतकंच आलंय. इतकंच घे, आणि बाकीचं तू त्यांना दे.