तांब्याबद्दल मी सांगितलेलं खोटं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको त्या सकाळी माहेरी, साक्रीला होती. तिला मी जे सांगितलं तेच तिने खरं धरलं. तुमची-माझी ओळख नाही. कदाचित म्हणूनच जमेल — बघतो.

मी धुळ्यात, देवपुरात राहतो. शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. कुत्री पाळणारे लोक मला फोन करतात. जळगावहून, दोंडाईच्याहून, शिरपूरहून. "सर, कुत्री माजावर आलीय, काय करू?" मी शांतपणे सांगतो. पहिल्या माजाला नको, दोन वर्षांची होऊ द्या. दोघांची तब्येत आधी डॉक्टरांना दाखवा. पिल्लं कुणाकडे जाणार ते आधी ठरवा, मग बाकीचं. रक्त फिकट पडलं आणि ती शेपूट बाजूला घेऊ लागली की समजा तयार आहे. मग दोघं अडकतात, पाठीला पाठ लावून उभी राहतात — दहा मिनिटं, कधी अर्धा तास. समागम नीट झाल्याची खूण तीच. तेव्हा जवळ बसा, मादीच्या डोक्यावर हात ठेवा, आणि काहीही झालं तरी ओढू नका. ओढलं तर आतलं फाटतं, दोघांचंही.

हे सगळं मला त्या सकाळीही ठाऊक होतं. अज्ञान नव्हतं — एवढं आधीच सांगून ठेवतो.

सहा वर्षं झाली. आमची जुली, पिवळसर लॅब्राडोर, अडीच वर्षांची. जळगावच्या एका स्नेह्यांचा नर मी महिनाभर आधी बघून ठेवला होता, उमदा, शांत. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. खरं तर मिरवून झालं होतं. रविवारी जुलीला तिकडे न्यायला गाडी दारात आली. मी पाण्याची बाटली आणायला आत गेलो आणि फाटकाची कडी लावली नाही. मीच लावली नाही.

बाहेर आलो तर जुली गल्लीच्या मधोमध उभी होती. आणि तिच्या पाठीला पाठ लावून तांब्या.

तांब्या गल्लीतलाच. तांबूस रंग, शेपटीचं टोक पांढरं. समोरच्या अक्काच्या ओट्यावर पडलेला असायचा. अक्का सत्तरीची, एकटी. रोज स्वतःच्या हाताने त्याला भाकर द्यायची. कुणाच्या अंगावर कधी गेला नाही तो. चोवीस तास फाटक उघडं ठेवलं तरी आमच्या अंगणात शिरायचा नाही.

मी काय करायला हवं होतं? जाऊन जुलीजवळ बसायचं होतं. एवढंच. अर्ध्या तासाने दोघं आपोआप सुटली असती.

पण ओट्याओट्यावर माणसं होती. सकाळची वेळ, रविवार, हातात चहा. आणि समोरचा गॅरेजवाला मोठ्याने म्हणाला, "सर, जळगावचं पेट्रोल वाचलं तुमचं!"

सगळे हसले. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. माझे दोन जुने विद्यार्थी हसले.

अंगणात बांधकामाचा उरलेला लोखंडी गज पडला होता. तो माझ्या हातात कधी आला — नाही, असं म्हणणं म्हणजे पळवाट. मी चार पावलं मागे गेलो, वाकलो, गज उचलला. मधे विचार करायला पुरेसा वेळ होता.

पहिला फटका कंबरेवर बसला. तुम्ही अडकलेल्या कुत्र्याला मारलेलं बघितलंय कधी? त्याला पळता येत नाही. त्याने पळायचा प्रयत्न केला तेव्हा जुली मागे फरपटली आणि किंचाळली, माणसासारखी किंचाळली. त्याला वळून चावताही येत नव्हतं. मी पुन्हा मारलं. पाठीवर, बरगड्यांवर, आणि मग डोक्यावर. हाडाचा आवाज आला. जुलीच्या मागच्या पायांवरून रक्त वाहत होतं आणि मी थांबलो नाही. मला वाटत होतं की हसणं अजून चालू आहे. ते केव्हाच थांबलं होतं. तांब्या खाली कोसळला तरी तिला अडकलेलाच होता. मग मी ओढलं. जुलीच्या पट्ट्याला धरून, जोर लावून, ओढलं.

कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. गॅरेजवाला हळूच म्हणाला, "सर... काय केलं हे?"

आणि मी म्हणालो, "पिसाळला होता तो. लाळ बघितली नाही?"

लाळ होती. मी मारल्यावर आलेली, रक्ताची.

मग एकजण म्हणाला, "हो, गळत होती खरी." दुसरा म्हणाला, "कालपासूनच जरा वेगळा वाटत होता." बघता बघता माझं खोटं सगळ्यांचं झालं. सर म्हणतात, जीवशास्त्राचे सर.

डॉक्टरांनी जुलीला टाके घातले आणि विचारलं, "कुणी ओढलं हिला?" मी सांगितलं, पोरांनी दगड मारले.

अक्का त्या वेळी एकवीरा देवीला गेली होती. परत आली तोवर तांब्याला उचलून नेलं होतं. ती माझ्या फाटकाशी उभी राहिली. "भाऊ, काल मन्हा हातनी भाकर खादी त्यानी. पिसाळेल कुत्रं भाकर खास का?"

इथेही मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "अक्का, त्याची लाळ तुमच्या हाताला लागली. सुया घ्याव्या लागतील."

मीच तिला स्कूटरवर सरकारी दवाखान्यात नेलं. पाच सुया, पाच फेऱ्या. संशय नको म्हणून मीही घेतल्या, तिच्या शेजारच्या बाकावर बसून. दुसऱ्या सुईनंतर तिला ताप भरला. गल्लीत लोक म्हणायचे, सरांसारखा शेजारी मिळायला नशीब लागतं.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी माणसं काठ्या घेऊन निघाली होती. तांब्या ज्यांच्यासोबत फिरायचा ती दोन कुत्री राहिली होती. गॅरेजवाला माझ्याकडे आला, "सर, तो गज देता का?" मी बोटाने दाखवलं, कुठे आहे ते. मग आत जाऊन पंखा मोठा केला. तरी ऐकू आलं. एकाला वेळ लागला.

जुली गाभण राहिली होती. नऊ आठवड्यांनी तीन पिल्लं झाली. एकाच्या शेपटीचं टोक पांढरं होतं. जुली पिल्लांना पाजताना मी जवळ गेलो की लघवी करायची. घरात कुणी झाडू उचलला तरी करायची. शेवटपर्यंत.

महिन्याभराने अक्का पिल्लं बघायला आली. ते पांढऱ्या टोकाचं पिल्लू तिने पदरात घेतलं, बराच वेळ घेऊन बसली. मग म्हणाली, "हाई माले दी दे, भाऊ."

का नाही दिलं? ते पिल्लू गल्लीत वाढलं असतं, रोज माझ्या डोळ्यांपुढे. मला ते नको होतं. मी म्हणालो, "पिसाळलेल्याचं रक्त आहे, अक्का. भरवसा नाही." पिसाळणं रक्तातून उतरत नाही. हे मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवलं होतं.

तिने पिल्लू खाली ठेवलं. "तुमले जास्ती समजस," म्हणाली. आणि मग, उठता उठता, "मन्हीच चूक. मीच भाकर दी दी त्याले आठे ठेवं."

भाकर देऊन त्याला इथे ठेवून घेतलं, ही चूक तिची. मी तिला उठायला हात दिला. फाटकापर्यंत सोडलं. पिल्लू शिरपूरकडच्या एका मळ्यात दिलं.

अक्का मागच्या वर्षी गेली. तांब्यानंतर तिने कुठल्याच कुत्र्याला भाकर घातली नव्हती. शेवटच्या आजारात मी दोनदा तिच्या खाटेशी जाऊन बसलो. खोलीत आम्ही दोघंच होतो, ती शुद्धीवर होती, आणि मी तिच्याशी हवापाण्याचं बोललो.