अप्पांच्या हातावरची यशाची रेघ

उदगीरमध्ये वीरण्णा पेंटर कोण, असं आज विचाराल तर स्टँडवरचा चहावालासुद्धा नकारार्थी मान हलवील. ते माझे अप्पा. पाट्या रंगवायचे, किराण्याच्या, आडतीच्या, सायकलच्या दुकानांच्या. त्यांचं अक्षर असं काही वळायचं की दुसरे पेंटर सायकल थांबवून बघायचे. हे मी लेक म्हणून कौतुकानं सांगत नाही. मला लहानपणी त्या अक्षराची धडकी भरायची. कुणी अप्पांच्या पाटीपुढं उभं राहून "वा" म्हटलं की मी तिथून पळ काढायची. का, ते सांगते. सांगताना मला राग येईल, तेवढा सोसून घ्या.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. दुकानांनाच गिऱ्हाईक नव्हतं, तिथं नवी पाटी कोण करून घेणार? अप्पा आणि माझी आई शांतम्मा खडी फोडायच्या कामावर जायला लागले. मला बाभळीखाली निजवून ठेवायचे. ब्रशाची सवय असलेल्या हाताला हातोडा कुठला झेपतो? एके दिवशी दगडाची कपची उडाली आणि अप्पांचा उजवा तळहात फाटला. आईनं लुगड्याचा काठ फाडून बांधला.

त्याच कामावर मुदखेडकडचा सटवाजी नावाचा गडी होता. दुष्काळाआधी माळेगावच्या जत्रेत बसून हात बघायचा. पोटाला मिळेना तसा तोही खडी फोडायला आला. दुपारी सुकडीचा सरकारी खाऊ वाटला की लोक त्याच्याभोवती जमायचे. पोट रिकामं असलं की माणसाला पुढचं ऐकायची लई हौस येते. पुरुषाचा उजवा हात बघतात, बाईचा डावा. अप्पांचा उजवा तर फडक्यात. सटवाजी म्हणाला, "डावा आणा पेंटर. जल्माचं समदं डाव्यातच असतंय."

आता ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. रोज आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडं एकटक बघत पूजा करायची. तो हात लिंगाचा. तो पुढं करून भविष्य विचारायचं म्हणजे देवाच्या घराची भिंत उकरून बघायची, असं माझी आजी शिवम्मा म्हणायची. अप्पांना हे कळत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्यांनी तो हात पुढं केला.

सटवाजीनं करंगळीशेजारच्या बोटाखाली नख टेकवलं. "ही उभी रेघ बघा. सूर्यरेषा म्हणत्यात हिला. यशाची रेघ. उशिरा का व्हईना, तुमचं नाव समद्या जिल्ह्यात होणार." अप्पा हसले. आईही हसली. मग तो आणखी वाकून बघायला लागला आणि त्याचं तोंड उतरलं. "पण हिचा एक फाटा करंगळीखाली गेलाय. लेकराच्या रेघंवर. तिला कापूनच गेलाय."

"म्हंजे?" आईनं विचारलं.

"म्हंजे नाव होईल तवा लेकरू..." एवढं बोलून त्यानं हात सोडला. "जाऊ द्या. पोटात काय न्हाई, डोळ्यापुढं अंधारी येऊन राहिली. उद्या नीट बघतो."

उद्या तो आलाच नाही. दुसऱ्या कामावर गेला म्हणे. मेल्याला एक वाक्य पुरं करायला काय झालं होतं? पुरं केलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. अर्धवट बोललेलं माणूस जन्मभर आपल्या मनानं पुरं करत बसतं. आणि अप्पांना लेकरू एकच होतं, मी, जगदेवी.

दुष्काळ सरला, पाट्या पुन्हा सुरू झाल्या. पेंटर लोक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आपलं नाव टाकतात, तीच त्यांची जाहिरात. अप्पांनी नाव टाकायचं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "जागा पुरली न्हाई."

मी शाळेत जायला लागले होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी शिवम्मा पूजेच्या खोलीत गेली आणि तिथंच मटकन खाली बसली. अप्पांनी लिंग उजव्या हातावर घेतलं होतं.

"वीरण्णा, बेडप्पा, नको रे बाबा, असं करू नको," ती अर्ध्या कानडीत म्हणाली. "काय झालं तुला?"

अप्पा रडायला लागले. बाप रडताना मी पहिल्यांदा बघितला, दाराआडून. सटवाजीचं सगळं त्यांनी आजीला सांगितलं. मग म्हणाले, "अव्वा, डाव्या हातावर लिंग घेतलं की मला लिंग दिसतच न्हाई. त्याच्या बाजूची ती रेघ दिसती. रोज बघावं लागतंय. देवाकडं बघतो अन् माझी जगदेवी मेलेली दिसती."

शिवम्मा खवळली. "ज्या हातावर शिव बसतो तिथं ग्रहाची काय बिशाद? भस्म फास अन् गप पूजा कर." अप्पांनी डाव्या तळहातावर भस्माचा जाड थर फासला. भीती भस्मानं झाकती होय?

आणि दाराआड मी उभी. मला एवढंच कळलं की अप्पांचं नाव झालं की मी मरणार. त्या वयात विचारणार कुणाला? शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायला अप्पांना बोलवायचं ठरलं, तर मी बाईंना खोटंच सांगितलं की अप्पा परगावी गेलेत. रस्त्यानं जाताना एखादी सुरेख पाटी दिसली की मी आधी तिचा खालचा कोपरा बघायची. तो रिकामा असला की जीव भांड्यात पडायचा. आपल्या बापाचं बरं होऊ नये म्हणून मी देवाला हात जोडायची. शेजारी बसून अप्पाही तेच मागत असायचे. एकमेकांना आम्ही कधी कळू दिलं नाही.

मग ब्याऐंशी साल आलं आणि लातूर जिल्हा झाला. लोकांनी पेढे वाटले, फटाके उडवले. आमच्या घरात मात्र कुणी तोंड गोड केलं नाही. जेवढ्या पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' होतं तेवढ्या सगळ्या खरवडून 'जिल्हा लातूर' करायच्या होत्या. कामाला खळ राहिला नाही. अप्पा नको म्हणायचे आणि आई त्यांना ढकलून पाठवायची. "भिऊन चूल पेटती का?" ती म्हणायची. पण रात्री माझ्या अंगावरचं पांघरूण तीच दहादा नीट करायची.

शेवटी लातूरचा कंत्राटदार सिद्धेश्वर दारात आला. एका नव्या कचेरीची भली मोठी पाटी करायची होती, उद्घाटनाला मोठमोठी माणसं येणार होती. "पेंटर, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं न्हाई. समदा जिल्हा बघंल," तो म्हणाला. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आईनं हो म्हणून टाकलं आणि मलाही सोबत धाडलं, बापाला जेवायची आठवण कोण करणार म्हणून.

लातूरला आम्ही शरणम्मा मावशीकडं उतरलो. अप्पा दिवसभर कचेरीच्या पटांगणात पाटीवर ओणवे असायचे. पाटी पुरी व्हायला आली आणि मला ताप भरला. साधासुधा नाही, दातावर दात आपटत होते. अप्पा कामावर गेल्यावर मावशीनं मला टांग्यात घालून डॉक्टरकडं नेलं. हिवताप आहे म्हणाले, सुई टोचली, गोळ्या दिल्या. घरी आल्यावर मी एकच धोशा लावला, मला अप्पांकडं ने. मला वाटत होतं, मरायच्या आधी त्यांना एकदा बघावं. रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा मावशी नाइलाजानं निघाली.

पटांगणात पोचलो तेव्हा पाटी भिंतीला टेकवून उभी होती, रंग अजून ओला होता. एवढं देखणं अक्षर मी नंतर कुठंच बघितलं नाही. आणि खालच्या कोपऱ्यात, सिद्धेश्वरनं कौतुकानं दुसऱ्या पेंटरकडून टाकून घेतलेलं, 'वीरण्णा पेंटर, उदगीर'. मी मावशीच्या खांद्यात तोंड लपवलं.

अप्पा हात धुऊन आले. त्यांनी आधी ते नाव बघितलं, मग मावशीच्या खांद्यावर मान टाकलेल्या मला. त्यांनी लगेच रॉकेलच्या डबड्यात फडकं बुडवलं आणि नाव पुसलं. तेवढ्यावर भागलं नाही. नाव गेलं तरी अक्षर त्यांचंच होतं. त्यांनी सगळी पाटी पुसायला घेतली. 'जिल्हा' गेलं, 'लातूर' गेलं, सगळीकडं रंगाचा चिखल झाला. सिद्धेश्वर धावत आला, त्यानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या, चार माणसांत अप्पांची गचांडी धरली. अप्पा पुसतच होते. "माझी पोरगी नेऊ नको," एवढंच म्हणत होते, आणि ते सिद्धेश्वरला म्हणत नव्हते.

संध्याकाळी मला घाम सुटला आणि ताप उतरला. सुईनं उतरला, मला ठाऊक आहे. अप्पांनी रॉकेलच्या वासाचा हात माझ्या कपाळावर ठेवला आणि असे हसायला लागले की मावशी घाबरली. त्यानंतर त्यांना कुणी मोठं काम दिलं नाही. बैलगाड्यांचे नंबर रंगवले, दारांवर 'शुभ लाभ' लिहिलं, आणि खोटं कशाला सांगू, सुखात राहिले. आपण पोरगी वाचवली, या सुखात. डॉक्टरनं वाचवली, असं म्हणायची हिंमत ना आईला झाली ना मला. लोक म्हणायचे, वीरण्णानं हातचं घालवलं, त्याच्या हातून आयुष्यात काही झालं नाही. मी तिथंच उभी असायची.

पुढं मी शिकले, निलंग्याला मास्तरीण झाले. हातावरच्या रेघा म्हणजे कातडीच्या घड्या, त्यात काही लिहिलेलं नसतं, हे मुलांना खडसावून शिकवते. परवा मला जिल्ह्याचा आदर्श शिक्षिका म्हणून मान जाहीर झाला. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. देगलूरच्या एक नव्या बाई आहेत, त्यांना हात बघायची हौस. माझा डावा हात ओढून म्हणाल्या, "बघू तर मॅडम, यशाची रेघ असणारच तुम्हाला." सगळे हसत होते. मी मूठ आवळली. त्या बोटं उलगडायला लागल्या तेव्हा त्यांच्या अंगावर इतक्या जोरात ओरडले की त्या दचकून मागं सरकल्या.

तो मान मी घेतला नाही. तब्येत बरी नसते, असं कळवलं. मला एकच लेक आहे.